गिरण चालू केलीस काय गो?

डिचोली तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

ताई घरी मराठी टायपिंगची कामं करतात. लग्नपत्रिका, देवस्थानाचे अहवाल, जत्रेतल्या नाटकांच्या संहिता. दिवस घरकामात जातो, म्हणून कॉम्प्युटरवर बसतात ते रात्री साडेनऊनंतर. मशीन सात वर्षांपूर्वी म्हापशाला सुटे भाग जुळवून घेतलेलं. गेले दोन महिने मागच्या बाजूने, ‘एसएमपीएसच्या पंख्यातून’ (म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याच्या पंख्यातून), घरघर येते. लाकडी फळ्यांच्या आडोशापलीकडे सासरे झोपतात. ते रोज रात्री विचारतात, “गिरण चालू केलीस काय गो?” दुकानदार फोनवर म्हणाला, एसएमपीएस बदलावा लागेल, २,६०० रुपये. धाकटे दीर म्हणतात, दीडशेच्या पंख्यासाठी एवढे कशाला, उघडून दोन थेंब शिलाई मशीनचं तेल घालतो. यजमान म्हणतात, आवाजाने काय बिघडतंय, चालतोय तोवर चालव. ताई विचारतात: “दुकानदार फसवतोय हे उघडच आहे. पण दीरांना डबा उघडू द्यावा का? आणि नको म्हटलं तर ते रुसतील, त्याचं काय करू?”

ताई,

आधी तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. घरातल्या दोघांनी आणि दुकानदाराने मिळून तीन उपाय सांगितले, पण आवाज कसा आहे हे एकट्या त्यांनीच सांगितलं. गिरण. म्हणजे घासत, ओढत, काहीतरी जड फिरल्यासारखा. शिट्टी नव्हे, टकटक नव्हे. दुकानदाराने फोनवर निदान एवढं विचारायला हवं होतं.

आता मी तुम्हाला उलट विचारतो. हा आवाज एसएमपीएसमधूनच येतो, हे कोणी ठरवलं? तुम्ही ‘मागून’ म्हणता. एसएमपीएस मागेच असतो, खरं आहे. पण बहुतेक कॅबिनेटना त्याच बाजूला स्वतःचाही एक पंखा असतो, आत प्रोसेसरवर आणखी एक. आणि ज्याला आपण घरात सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो ते पत्र्याचं कॅबिनेट आवाज असा फिरवतं की कानाला ठिकाण लागत नाही. मी स्वतः आठवडाभर एसएमपीएसला शिव्या घातल्या आहेत. शेवटी बघितलं तर कॅबिनेटचा पंखा चारांपैकी एकाच स्क्रूवर लोंबकळत होता. पेचकसाच्या चार वळशांचं काम.

तेव्हा दिवसा, घरात शांतता असताना, असं करा. प्लग काढून कॅबिनेटची बाजूची झडप उघडा. मग पुन्हा प्लग लावून मशीन सुरू करा. केस आणि ओढणी नीट बांधून घ्या, हात आत घालू नका. वर्तमानपत्राच्या एका पानाची सुरळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं एकेका पंख्याकडे न्या, पात्यांपासून चार बोटं लांब ठेवून. गिरण कुठली ते मिनिटभरात कळेल. कागदाच्या नळीवर हसू नका. दुरुस्तीवालेही कान याच तऱ्हेने लावतात, फक्त गिऱ्हाइकासमोर नाही.

सुरळी हार्ड डिस्कजवळही न्या. सात वर्षांपूर्वीच्या मशीनमध्ये ती बहुधा फिरत्या तबकडीची असणार. तिथून थांबून थांबून कट्‌ कट्‌ असं ऐकू आलं तर पंखा, तेल, दुकानदार सगळं बाजूला ठेवा आणि आधी संहिता आणि अहवाल पेन ड्राइव्हवर घ्या. ऐकू आलं नाही तरीही आज रात्री एवढं कराच. कुणाच्या नाटकाचा तिसरा अंक जत्रेच्या आठवड्यात नाहीसा झाला तर कसला गोंधळ होतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

समजा, आवाज एसएमपीएसचाच निघाला. मग तो केव्हा येतो ते बघा. सुरू केल्या केल्या मोठा आणि पाच-दहा मिनिटांनी गरम झाल्यावर कमी, असं असेल तर पंख्याच्या दांड्याभोवतीची बुश कोरडी पडलेली असते किंवा झिजलेली. याच्या उलट, सुरुवातीला शांत आणि अर्ध्या तासाने शूंऽ करत चढत जाणारा असेल, तर पंखा बहुधा धडधाकट आहे, डबा तापतोय म्हणून तो जास्त धावतोय. हे दोन आजार अगदी वेगळे, उपायही वेगळे. आणखी एक परीक्षा: मशीन बंद करून, प्लग काढून, कॅबिनेट आडवं ठेवा आणि मग सुरू करा. आडवं केल्यावर घरघर बदलली, कमी-जास्त झाली, तर दोष बहुधा बुशचाच. दांडा एका अंगाला टेकत होता, तो दुसऱ्या अंगाला टेकला, एवढाच त्याचा अर्थ.

वीज गेल्यावर तुम्ही इन्व्हर्टरवर काम करता का? आपल्याकडे जूनपासून काय होतं ते वेगळं सांगत नाही. स्वस्त इन्व्हर्टर घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर (साइन वेव्ह) देत नाहीत, चौकोनी लहरी देतात. त्यावर काही एसएमपीएस भुणभुणतात. तो पंखा नव्हे, आतली तारेची गुंडाळी थरथरते. आवाज फक्त इन्व्हर्टरवरच येत असेल तर पंखा दहा वेळा बदलूनही जायचा नाही.

आता तापण्याचं बघू, कारण माझा जास्त संशय तिकडे आहे. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन कॉम्प्युटरला लागणारे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणं हे एसएमपीएसचं काम. हे करताना थोडी वीज उष्णता होऊन जाते. तुमच्या मशीनला टायपिंग करताना ८० वॅट लागत असतील आणि डबा ८० टक्के कार्यक्षम असेल, तर तो भिंतीतून १०० वॅट ओढतो आणि मधले २० वॅट त्याच्याच पोटात तापतात. म्हणजे सोल्डरिंगचं छोटं आयर्न सतत चालू ठेवून डब्यात बंद केल्यासारखं. ती उष्णता बाहेर फेकायला पंखा. तो तापमान बघून वेग कमी-जास्त करतो. शिवाय एसएमपीएस कॅबिनेटच्या वरच्या भागात बसवलेला असेल तर तो आतलीच हवा ओढतो. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धूळ साचून तिथली हवा तापली की ती गरम हवा एसएमपीएसच्या वाट्याला येते आणि बिचारा हा पंखा दुसऱ्याचं ओझं वाहतो.

आणि धूळ म्हणजे कसली! तुमचं घर चिऱ्याचं आणि वर मंगळुरी कौलं असतील, तर मार्च ते मे लाल भुकटी आणि कौलांची माती गळत असते. पाऊस सुरू झाला की हवेतल्या दमटपणाने तीच भुकटी चिकट होते. कॉम्प्युटरच्या खोलीत देव्हारा असेल तर धुपाची काजळी वरून. मी अशा एका मशीनचा पंखा उघडलेला पाहिला आहे. पात्यांच्या कडांवर तपकिरी थर, बोटाने खरवडला तर शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा तुकडा निघाला. एका पात्यावर असा तुकडा जास्त असला की पंख्याचा तोल जातो आणि तो थरथरत घरघरतो. आत एक सुकलेली पाल होती तेही सांगून टाकतो. गोव्यात कॉम्प्युटर उघडणाऱ्याला पालीची सवय असलेली बरी.

म्हणून पहिला उपाय सफाई, आणि त्यासाठी एसएमपीएस उघडावा लागत नाही. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. कॅबिनेट बाल्कनीत किंवा अंगणात आणा, नाकाला फडकं बांधा. ब्लोअर शेजारच्या गॅरेजात किंवा दुकानात मिळेल. हेअर ड्रायर नको, त्याची हवा गरम. व्हॅक्यूम क्लीनरही नको. प्रोसेसरचा आणि कॅबिनेटचा पंखा हवा मारताना बोटाने धरून ठेवा. एसएमपीएसच्या पंख्याला मात्र जाळीतून उदबत्तीची बांबूची काडी अलगद टेकवून पातं अडवा. आत खोल ढोसायचं नाही, फक्त पात्यापर्यंत. पंखा मोकळा ठेवून ब्लोअर मारला तर तो नेहमीपेक्षा कितीतरी पट वेगाने फिरतो आणि होती नव्हती ती बुश त्यातच संपते. सफाई करून घेतल्यावर पंखा जास्त वाजायला लागला अशी तक्रार पुष्कळजण करतात, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

सफाई झाली की एसएमपीएसचे मागचे चार स्क्रू आवळा. आतली एखादी वायर पंख्याच्या जाळीला टेकून आत दबली आहे का बघा. टकटक आवाजाचं मूळ बऱ्याचदा तिथे सापडतं. आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर काढा. कप्प्यात ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा पितं.

एवढ्यावर गिरण थांबली तर तुमचे २,६०० वाचले. नाही थांबली तर तेलाकडे येऊ.

दीर तेल घालतो म्हणतात, आणि गंमत म्हणजे तेल त्यांनी बरोबर निवडलं आहे. शिलाई मशीनचं पातळ तेल बुशला चालतं. मी निवडलं होतं खोबरेल. गोंयकाराच्या घरात दुसरं कुठलं हाताशी असणार? कॅबिनेटच्या पंख्याचा स्टिकर उचलून दोन थेंब सोडले, दोन आठवडे अगदी शांत. मग डिसेंबर आला. पहाटे बाटलीतलं खोबरेल थिजतं तसं ते बुशमध्येही थिजलं, वर धूळ बसून त्याचा लाल चिखल झाला. सकाळी मशीन सुरू केलं की पंखा हुंदका दिल्यासारखा हलायचा आणि थांबायचा. गंज काढायच्या स्प्रेचीही तीच गत, फक्त उलट दिशेने: तो असलेलं तेल धुऊन उडून जातो.

पण दीरांचं तेल बरोबर असलं तरी जागा बरोबर नाही. कॅबिनेटच्या पंख्याला तेल घाला, हरकत नाही. एसएमपीएसचं तसं नाही. तुमच्या डब्यात बहुधा १२० मिलिमीटरचा मोठा पंखा असेल. त्याच्या मधोमध बाहेरून दिसणारा स्टिकर नुसता शोभेचा. तेल घालायचं भोक पंख्याच्या पाठीला, म्हणजे डब्याच्या आतल्या अंगाला असतं. तिथे पोचायचं तर डबा उघडून पंखा काढावाच लागतो. आणि त्या डब्यात वीज साठवून ठेवणारे जाडजूड कपॅसिटर असतात. २३० व्होल्टची वीज आत शिरली की त्यांच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात, काही प्रकारच्या एसएमपीएसमध्ये ३८०-४०० सुद्धा. प्लग काढला म्हणजे ते लगेच रिकामे होतात असं नाही. काही डब्यांत मिनिटभरात उतरतात, काहींत ते उतरवणारा रेझिस्टर बिघडलेला असतो आणि बराच वेळ भार तसाच राहतो. बाहेरून कळायला मार्ग नाही. घरच्या पेचकसाने तो धोका घेऊ नये, आणि तो दीरांना घेऊ देऊ नये. एवढ्या एका गोष्टीत मी ‘बघा, विचार करा’ असं म्हणणार नाही. नको म्हणजे नको.

यजमानांचं म्हणणं, आवाजाने काय बिघडतंय? आवाजाने काहीच नाही. पण घासत चाललेला पंखा एक दिवस अडकतो, आणि त्या दिवशी घरात एकदम शांत होतं. सगळ्यांना बरं वाटतं. चांगल्या एसएमपीएसला जास्त तापल्यावर बंद व्हायची सोय असते, स्वस्तातल्याला असेलच असं नाही. म्हणून गिरण आपोआप बंद पडलेली दिसली तर आधी मागच्या जाळीसमोर टिश्यू पेपरची पट्टी धरा. हलली तर ठीक. नाही हलली तर काम जतन करून मशीन बंद करा आणि पंख्याचं काही होईपर्यंत सुरू करू नका.

राहिला दुकानदार. ‘फसवतोय हे उघडच आहे’ असं तुम्ही लिहिलंत. न बघता फोनवर निदान केलं हे चुकलंच त्याचं. पण दीडशेच्या पंख्यासाठी २,६०० सांगतो म्हणून तो लबाड, हा हिशोब मला पटत नाही. पंखा दीडशेचा असेल, पण तो बसवायचा तर डबा उघडा, कपॅसिटर रिकामे करा, बोर्डाला सोल्डर केलेली वायर असेल तर ती काढा, त्याच मापाचा, १२ व्होल्टचा आणि तेवढीच हवा फेकणारा पंखा शोधा. नुसता शांत म्हणून कमी हवेचा पंखा बसवला तर डबा आतून भाजतो. एवढं करून सात वर्षांच्या बाकीच्या भागांची हमी कुणी द्यायची? त्या कपॅसिटरचं आयुष्य उष्णतेवर ठरतं. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. तुमच्या डब्याने गोव्यातले सात उन्हाळे काढलेत, त्यातले काही धुळीने गुदमरून.

म्हणून, डबा दोन-तीन वर्षांचा असता तर मी म्हटलं असतं, बिल शोधा, वॉरंटी बघा, स्टिकर फाडू नका. बऱ्याच कंपन्या तीन ते पाच वर्षांची वॉरंटी देतात आणि डबा उघडला की ती गेली. चांगल्या प्रतीचा, चार-पाच वर्षांचा असता तर जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून नुसता पंखा बदलून घ्या म्हटलं असतं. सात वर्षांचा, जुळवलेल्या मशीनमधला, बुश खरोखर गेलेला असेल तर बदला. नवा कॉम्प्युटर मात्र एवढ्यासाठी घेऊ नका. तुमचे जुने फॉन्ट आणि त्या फॉन्टमधल्या फाइली नव्या मशीनवर आणताना जी डोकेदुखी होईल तिच्यापुढे ही गिरण काहीच नाही.

घेताना वॅटच्या आकड्याला भुलू नका. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ४५० वॅट भरपूर झाले. हजार वॅट छापलेला, उचलल्यावर रिकाम्या डब्यासारखा हलका लागणारा एसएमपीएस कुणी स्वस्तात दाखवला तर हात जोडून परत द्या. ८० प्लसची (कार्यक्षमतेची) खूण, १२० मिलिमीटरचा पंखा, छापील बिल आणि त्यावर वॉरंटी, एवढं मागा. जुन्या डब्याच्या सुट्या केबली नव्याला लावू देऊ नका. टोकं सारखी दिसतात, आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि बोर्ड जळतो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे कंपनीचा तयार, बुटका डेस्कटॉप असेल तर त्यांनी जुना एसएमपीएस बरोबर घेऊनच दुकानात जावं, कारण त्याचं माप आणि प्लग बहुधा वेगळे असतात. आणि नवा, महागातला एसएमपीएस घेतलेल्यांना: काहींचा पंखा कमी भार असताना मुद्दाम थांबलेला असतो. तो बिघडला म्हणून परत नेऊ नका.

दीर रुसतील हा तुमचा खरा प्रश्न, आणि तो तुम्ही शेवटी लिहिलात. ते उघडतो म्हणतात ते तुमच्या मदतीसाठीच. त्यांना ‘नको’ म्हणण्याऐवजी दुसरं काम सांगा: ब्लोअर आणायचा, धूळ मारायची, स्क्रू आवळायचे, कॅबिनेटच्या पंख्याला त्यांच्याच तेलाचा एक थेंब घालायचा. दोन नव्हे, एक. दुपारभराचं काम आहे आणि गिरण त्यानेच थांबायची शक्यता बरीच. एसएमपीएसचं निघालं तर ‘आत ३२५ व्होल्ट असतात म्हणे’ एवढंच सांगा, हवं तर माझं नाव घ्या. आणि दुकानात त्यांनाच पाठवा. तुमच्या वतीने घासाघीस करायची संधी मिळाली की तेलाचा विषय मागे पडेल.

शुक्रवारी मात्र पाठवू नका, म्हापशाच्या बाजारात त्या दिवशी स्कूटर उभी करायला जागा मिळत नाही. नुसता एसएमपीएस न नेता अख्खं कॅबिनेट न्यावं, म्हणजे दुकानात लावून, चालवून, आवाज ऐकूनच बाहेर पडता येतं. पाऊस असेल तर ते मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पायांमध्ये उभं ठेवायचं, आणि घरी आणल्यावर तासभर तसंच ठेवून मगच प्लग लावायचा. चवथीच्या आरत्यांच्या पुस्तिकांची कामं यायला लागायच्या आत हे उरकून घ्या. तोपर्यंत रात्री कॅबिनेटखाली घडी घातलेली जुनी गोधडी ठेवा, मात्र हवेची भोकं झाकली जाणार नाहीत अशी. थरथर फरशीवरून आणि फळ्यांमधून पलीकडे जाते, ती थोडी कमी होईल आणि सासऱ्यांना लवकर झोप लागेल.